लग्नाचा वाढदिवस मुंबईत : दोन रात्रींचा बेत

लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं पुण्याहून मुंबईला गेलो होतो. शनिवारी सकाळी पोहोचलो, रविवारी रात्री परतलो. मधल्या वेळात गेटवे, हाजी अली, सिद्धिविनायक, तारांगण, जुहू आणि दोन मॉल एवढं सगळं उरकलं. रविवारी दुपारी टॅक्सी सिग्नलला अडकली होती, तेव्हा पुढे कुठं जायचं यावरून आमची जुंपली. घरी येईपर्यंत कुणी कुणाशी धड बोललं नाही.

पाच वर्षांनी पुन्हा गेलो, तेव्हा यादी केलीच नाही. एक बेट, एक नाटक आणि एक लांबलचक फेरफटका, एवढंच ठरवलं. त्या खेपेतलं जवळजवळ सगळं आजही आठवतं. कुठल्या टेबलावर बसलो होतो, कोण काय बोललं, सगळं. तेव्हापासून कुणी लग्नाच्या वाढदिवसासाठी सल्ला विचारला की मी हा दोन रात्रींचा बेत सांगते. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, कुठूनही निघणार असाल तरी तो जमतो. मुंबईकरांनाही जमतो, कारण कांदिवली-डोंबिवलीची कितीतरी जोडपी फोर्टात वर्षानुवर्षं फक्त कामाला जातात.

डोंगर सोडून शहर कशाला?

लग्नाचा वाढदिवस म्हटलं की महाबळेश्वर, माथेरान, गोवा ही नावं पुढे येतात. तिथं जरूर जा. पण ज्यांच्या घरात सासू-सासरे आहेत, मुलं आहेत, शेजारी सतत डोकावतात, त्यांना मोठं शहर एक वेगळी गोष्ट देतं. तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर शेकडो माणसं बसलेली असतात आणि एकही आपल्याकडे पाहत नाही. गावात किंवा कॉलनीत नवरा-बायको तासभर नुसते बोलत बसले तर लोक कारण विचारतात. इथं विचारायला कुणी नसतं. दोघांनी मिळून भरपूर चालायचं आणि भरपूर बोलायचं असेल, तर दक्षिण मुंबईसारखी जागा शोधून सापडणार नाही.

तारीख ठरवताना

आपल्याकडे लग्नं बहुतेक तुळशीच्या लग्नानंतर नाहीतर वैशाखात होतात. त्यामुळे लग्नाचे वाढदिवसही नोव्हेंबर-डिसेंबर किंवा एप्रिल-मे या दिवसांत येतात. तारीख अधल्यामधल्या वारी आली तर पुढचा शनिवार-रविवार धरा. मूळ तारखेला घरी सगळ्यांबरोबर गोडधोड होऊ द्या आणि दोघांचा वाढदिवस नंतर निवांत साजरा करा.

थंडीत मुंबई सगळ्यात सुखाची. मे महिन्यात जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच उन्हात चाला, दुपार संग्रहालयासाठी किंवा झोपेसाठी ठेवा. पावसाळ्यात मरीन ड्राइव्ह देखणं असतं, पण बोटी बंद पडतात आणि लोकलचा भरवसा राहत नाही. मोठ्या भरतीच्या वेळा आधी बघा आणि तेव्हा कट्ट्यापासून लांब राहा.

काही दिवस मात्र टाळा. जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळभर बंद असतात. सहा डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. तो दिवस त्यांचा आहे, दादरमधल्या वाटाही त्यांच्यासाठी मोकळ्या ठेवायला हव्यात. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीच्या आसपास गाडी हलत नाही. एकतीस डिसेंबरला खोल्यांचे दर कुठल्या कुठे जातात.

घराची निरवानिरव

सहल फसते ती बहुधा घरातून निघताना. आदल्या दिवशी सासूबाईंना सांगितलं की त्यांना ते टाकून गेल्यासारखं वाटतं. महिनाभर आधी सांगितलं, "आई, त्या दोन दिवसांत तुमच्या सोबतीला कोण हवं?" असं विचारलं, तर त्याच उत्साहानं तयारी करून देतात. मुलं आजीकडे, मावशीकडे किंवा मित्राच्या घरी राहणार असतील तर त्यांची औषधं, शाळेचं काम आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून द्या. घरी फोन करायच्या दोन वेळा ठरवा, सकाळी नाश्त्यानंतर आणि रात्री जेवणाआधी. बाकीच्या वेळी तातडीचं असेल तरच फोन, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. आणि फोटो टाकायचे ते परत आल्यावर. घर बंद असल्याची दवंडी पिटायचं कारण नाही, आणि आलेल्या प्रत्येक शुभेच्छेला उत्तर देत बसलात तर संध्याकाळ त्यातच जाते.

जाणं-येणं

शक्यतो रेल्वेनं जा. गाडी चालवणारा माणूस घाटात बोलू शकत नाही, आणि दक्षिण मुंबईत पार्किंग शोधताना उरलेला उत्साहही संपतो. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी खुलं होतं. तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. शुक्रवारी अर्धा दिवस रजा घेऊन संध्याकाळपर्यंत पोहोचायचं आणि रविवारी संध्याकाळी निघायचं.

पुण्याच्या मंडळींना परतीसाठी डेक्कन क्वीनइतकी छान गाडी नाही. १९३० साली सुरू झालेली ही गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून संध्याकाळी ५.१० ला सुटते, आणि तिच्या डायनिंग कारमध्ये टेबलावर बसून खाता येतं. वाढदिवसाची शेवटची संध्याकाळ घाट चढता चढता चहा-कटलेटवर घालवायची, हाही सहलीचाच भाग समजा. नाशिककरांना पंचवटी, कोल्हापूरकरांना रात्रीची महालक्ष्मी, सोलापूरकरांना वंदे भारत सोयीची. रात्रीच्या गाडीनं येणाऱ्यांनी खोली लवकर मिळेल का, हे हॉटेलला आधीच विचारावं. चेक-इन बहुधा दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान असतं आणि रात्रभराच्या प्रवासानंतर रिसेप्शनवर ताटकळणं फार जिवावर येतं.

शहरात फिरायला लोकल, काळी-पिवळी आणि आता भुयारी मेट्रो आहे. आरे ते कफ परेड ही मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिनं दादर, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक आणि चर्चगेट एका धाग्यात ओवले आहेत. आपल्या बेतातल्या जवळजवळ सगळ्या जागा याच मार्गावर येतात. रविवारी लोकल वापरणार असाल तर मेगाब्लॉक कुठं आहे ते आदल्या दिवशी पाहा. गर्दीत दोघं वेगवेगळ्या डब्यांत चढणार असाल, तर कुठल्या स्टेशनावर आणि कुठल्या टोकाला भेटायचं ते आधी ठरवा.

मुक्काम : पायी अंतरावर

या बेतात जरा सढळ हातानं खर्च करायचा तो मुक्कामावर. विमानतळाजवळ किंवा नव्या मुंबईत खोली स्वस्त मिळाली म्हणून घेतलीत, तर रोज दोन-तीन तास प्रवासात जातील आणि दुपारी खोलीवर येऊन आडवं होण्याचं सुख गमवाल. चर्चगेट, फोर्ट, कुलाबा किंवा मरीन ड्राइव्ह, यांपैकी कुठंही राहा. बजेट कमी असेल तर दोन रात्रींऐवजी एकच रात्र करा, पण तिथंच करा.

खोली घेताना फोन करून पाच प्रश्न विचारा. खोलीला उघडणारी खिडकी आहे का? फोर्टातली बरीच छोटी हॉटेलं जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर असतात, तिथं लिफ्ट आहे का? समुद्र समोरून दिसतो की एका कोपऱ्यातून? रस्त्याच्या मागच्या बाजूची शांत खोली मिळेल का? बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत मिळतात? लग्नाचा वाढदिवस आहे हेही सांगा. हॉटेलवाले अनेकदा आपणहून बरी खोली देतात. दोघांचीही मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा. एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून दर विचारताना करासकट विचारा.

बेताचं सूत्र : एक तिचा, एक त्याचा, एक दोघांचा

दोन दिवसांचे अर्ध्या-अर्ध्या दिवसाचे तुकडे पाडा. एक अर्धा दिवस बायकोच्या मनाचा, एक नवऱ्याच्या मनाचा, एक दोघांनी मिळून ठरवलेला, आणि उरलेला वेळ पूर्ण मोकळा. ज्याचा अर्धा दिवस असेल त्यानं ठरवायचं, दुसऱ्यानं कुरकुर न करता सोबत करायची. तिला मंगलदास मार्केटमध्ये कापड बघायचं असेल तर त्यानं पिशव्या धरायच्या. त्याला ओव्हल मैदानावर तासभर अनोळखी पोरांची क्रिकेट मॅच बघायची असेल तर तिनं बाजूला बसायचं. एरवी घरात "तुला हवं ते कर" असं आपण म्हणतो आणि मागून रुसतो. इथं वाटणी आधीच झालेली असल्यामुळे रुसायला जागा उरत नाही.

एका अर्ध्या दिवसात वेळेनं बांधलेली गोष्ट एकच ठेवा, बोट किंवा नाटक किंवा ठरवून घेतलेलं जेवण. खाली देते तो आमचा नमुना आहे. त्यात हवी ती अदलाबदल करा.

शुक्रवार संध्याकाळ : कट्टा

खोलीवर सामान टाका, तोंड धुवा आणि मरीन ड्राइव्हला या. थंडीत सूर्य साधारण सहाला मावळतो, मे महिन्यात सातच्या पुढे. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत साडेतीन किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. सगळं चालायलाच हवं असं नाही. समुद्राकडे पाहून झालं की एकदा पाठमोरे होऊन रस्त्यापलीकडच्या इमारतींकडे पाहा. गोलाई घेतलेल्या गॅलऱ्या, खिडक्यांवर भुवयांसारखे काढलेले सज्जे आणि जहाजाची आठवण करून देणाऱ्या गोल खिडक्या दिसतील. १९३० आणि ४० च्या दशकांतली ही आर्ट डेको शैली, आणि २०१८ पासून जागतिक वारसा. त्या दिवशी आणखी काही बघू नका. कट्ट्यावर बसा, भूक लागली की उठा.

शनिवार सकाळ : घारापुरी

लग्नाच्या वाढदिवसाला घारापुरीच का, ते तिथल्या मुख्य लेण्यात गेल्यावर कळतं. बहुतेक लोक सुमारे वीस फूट उंचीच्या त्रिमूर्तीसमोर फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही थांबा. याच लेण्यात शिव-पार्वतीच्या विवाहाचा, कल्याणसुंदराचा पट आहे. पार्वतीची मान किंचित झुकलेली आहे आणि शिव तिचा हात हातात घेतो आहे. हात भंगले आहेत, तरी ते घेणं स्पष्ट कळतं. दुसऱ्या एका पटात दोघं कैलासावर बसली आहेत. सारीपाटाच्या डावावरून पार्वती रुसली आहे, असा त्याचा अर्थ काही अभ्यासक लावतात. आणि त्रिमूर्तीच्या शेजारी अर्धनारीश्वर आहे. लग्न, रुसवा आणि एकरूप होणं, असा सगळा संसार सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी एकाच दगडातून कोरून काढलेला. आम्ही त्या तिन्ही पटांसमोर एकेक करून बसलो आणि दुसऱ्यासमोर सगळ्यात जास्त वेळ बसलो.

बोटी गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात. पहिल्या एक-दोन बोटींपैकी एक पकडा. तिकीट खिडकीवरच घ्या. प्रवास तासाभराचा, पुढे १२० च्या आसपास पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर डोली मिळते. माकडं हातातलं खाणं हिसकावतात, म्हणून खाऊ पिशवीत बंद ठेवा. सोमवारी लेणी बंद असतात, सुट्टी जोडून जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. दुपारी दोनपर्यंत परत या आणि खोलीवर जाऊन झोपा. दुपारच्या झोपेत वेळ वाया जाईल असं वाटेल, पण संध्याकाळचं भांडण तीच वाचवते.

पावसाळ्यात किंवा बोट लागत असेल तर त्याऐवजी काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ठेवा. सगळी दालनं पाहायचा हट्ट नको, दोन तासांत तीन-चार वस्तूंशी ओळख झाली तरी पुष्कळ.

शनिवार संध्याकाळ : नाटक

मुंबईत शनिवार-रविवारी मराठी नाटकाचा प्रयोग नाही असं क्वचितच होतं. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, यांपैकी कुठं काय लागलंय ते त्या आठवड्यात पाहा. दुपारचा साडेतीन-चारचा प्रयोग निवडलात तर रात्र मोकळी राहते, पण मग घारापुरीची घाई होते. त्यामुळे बेट असेल त्या दिवशी रात्रीचा प्रयोग घ्या. नाटकाआधी दादरला लवकर पोहोचा, फुलबाजारातून एक गजरा घ्या, प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष घ्या किंवा आस्वादमध्ये मिसळ. रात्री उशिरा परतताना मेट्रो संपली असेल, तर लोकल किंवा टॅक्सी. नाटकावरून मत जुळलं नाही तर फारच उत्तम, जेवताना बोलायला विषय मिळतो.

रविवार सकाळ : रिकामा फोर्ट

एरवी माणसांनी ओसंडणारा फोर्ट रविवारी सकाळी रिकामा असतो. सातच्या सुमारास निघा. सुरुवात सीएसएमटीच्या समोरून करा. १८८७ मध्ये उभी राहिलेली ही इमारत शांतपणे बघायला एरवी कुणाला फुरसत मिळत नाही. तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून हुतात्मा चौकात या. संयुक्त महाराष्ट्राच्या स्मारकापाशी दोन मिनिटं थांबा. मग हॉर्निमन सर्कल, समोर १८३३ चा टाउन हॉल, म्हणजेच एशियाटिक सोसायटीची पांढऱ्या पायऱ्यांची इमारत. परत फिरून काळा घोड्याला या, तिथून ओव्हल मैदानावर.

ओव्हलच्या मधल्या पायवाटेवर उभे राहा. पूर्वेला उच्च न्यायालय आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर, सगळा दगडी गॉथिक थाट. पश्चिमेला पन्नास-साठ वर्षांनी आलेली गुळगुळीत आर्ट डेको घरं. दोन अगदी वेगळ्या स्वभावांची बांधकामं एका मैदानाच्या दोन बाजूंना आजवर नांदत आली आहेत. हा फेरफटका रमतगमत अडीच-तीन तासांचा आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. नंतर खोलीवर येऊन आंघोळ, सामान बांधून रिसेप्शनवर ठेवणं, आणि उरलेली दुपार जहांगीर कलादालनात किंवा ज्याचा अर्धा दिवस बाकी असेल त्याच्या मर्जीनं.

खाणं आणि पैसे

जेवणाचं एकच ठिकाण आधी ठरवा, वाढदिवसाच्या रात्रीचं. ते नाटकाच्या रात्री जमणार नसेल तर शुक्रवारी ठेवा. बाकी भूक नेईल तिथं. धोबीतलावच्या १९०४ पासूनच्या कयानीत बन-मस्का आणि चहा, माटुंग्याला इडली आणि फिल्टर कॉफी, एखाद्या मालवणी खानावळीत सुरमईची थाळी आणि सोलकढी, चर्चगेटला के. रुस्तमचं बिस्किटात धरून दिलेलं आइस्क्रीम. फोर्टातली कचेऱ्यांच्या वेळेवर चालणारी बरीच हॉटेलं रविवारी बंद असतात, तेवढं विचारून जा. मोठ्या हॉटेलात बिलावर सेवाशुल्क लावलं असेल, तर ते देणं ऐच्छिक असतं. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा.

एकूण रकमेतली निम्मी मुक्कामाला, पाव खाण्याला, उरलेली पाव प्रवास, नाटक, बोट आणि अडीअडचणीला, असा आमचा हिशेब असतो. पैसे निघण्याआधीच एका पाकिटात किंवा एका खात्यावर बाजूला काढा. तिथं गेल्यावर दर खर्चाला हिशेब मांडायचा नाही. एकमेकांना भेट द्यायची असेल तर घरूनच घेऊन या, कारण भेट शोधायला गेलात तर अर्धा दिवस दुकानांत जातो.

बोलण्यासाठी जागा

सगळा बेत ज्यासाठी, ते आता सांगते. निघण्याआधी दोघांनी मिळून तीन विषय बंद करा. आमचे होते मुलाचे मार्क, घराचे हप्ते आणि नातेवाइकांच्या तक्रारी. पहिल्या संध्याकाळी त्यामुळे आम्ही दोघंही गप्पच बसलो. बोलायला काही उरलंच नाही की काय, असं वाटून मी घाबरले होते. तुमच्यावरही ती वेळ येईल. तेव्हा फोन काढू नका, उठूही नका. जरा दम धरा.

आमच्या त्या शुक्रवारी अंधार पडल्यावर, कट्ट्यावर बसल्या बसल्या, नवऱ्यानं आपल्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल एक गोष्ट सांगितली. पंधरा वर्षांत ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. आमच्या घरात ती सांगायला जागा नव्हती असं नाही, पण दर वेळी कुकरची शिट्टी व्हायची, दार वाजायचं, मुलगा हाक मारायचा. त्या दिवशी कुणी हाक मारली नाही. मी ऐकत होते, पाठीमागे गाड्या जात होत्या, आणि आम्हाला दोघांनाही कुठं पोहोचायचं नव्हतं. तुमच्या बेतात अशी एक संध्याकाळ रिकामी ठेवा.